विश्लेषण : वास्तुकला आणि पर्यावरण अभियांत्रिकी एकाच पदवीत का शिकता येत नाही?

वर्सोव्यात समुद्र पाच मिनिटांवर असूनही अनेक घरांत दुपारी एसी लावल्याशिवाय बसवत नाही. खाडीच्या बाजूच्या इमारतींत खिडकी उघडली तर भरतीच्या वेळी वारा येतो आणि ओहोटीच्या वेळी वास. पहिली तक्रार वास्तुविशारदाच्या खात्यातली आणि दुसरी पर्यावरण अभियंत्याच्या, असे आपल्याकडे धरून चालतात. राहणाऱ्याला मात्र दोन्ही त्रास एकाच खिडकीतून होतात. बारावीनंतर ‘मला इमारतीही शिकायच्या आहेत आणि पाणी, हवा, सांडपाणीही’ असे एखाद्या मुलीने घरी सांगितले, तर पालक नेटवर शोधू लागतात. ब्रिटनमध्ये अशी जोड-पदवी सापडते, मुंबईत सापडत नाही. असे का, आणि तिने मग करायचे काय?

नेमका गोंधळ कशाचा?

पहिला गोंधळ शब्दाचा आहे. ब्रिस्टलच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंड’मध्ये ‘आर्किटेक्चर अँड एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग’ नावाचा अभ्यासक्रम आहे. त्यातील ‘एन्व्हायर्नमेंटल’ म्हणजे इमारतीच्या आतले वातावरण. खोली किती तापते, उजेड किती आत येतो, हवा ताशी किती वेळा बदलते, आवाज कसा घुमतो आणि हे सगळे सांभाळायला वीज किती लागते, याचे हे शास्त्र आहे. थंड देशात घर उबदार ठेवणे हीच मोठी समस्या असल्याने ते तिथे वाढले.

आपल्याकडे ‘पर्यावरण अभियांत्रिकी’ म्हटले की पिण्याचे पाणी, मलनिस्सारण, घनकचरा, हवेचे प्रदूषण. ही शाखा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीतून आली. नागपूरची ‘नीरी’ ही याची सर्वात ठळक खूण. १९५८ मध्ये ही संस्था सुरू झाली तेव्हा तिच्या नावात ‘पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग’ हे शब्द होते. १९७४ मध्ये ते जाऊन ‘एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग’ आले. काम मात्र पाणी, मैला आणि धूर यांच्याभोवतीच राहिले. म्हणजे ब्रिटिश पदवीचे माहितीपत्रक वाचून भारवलेली मुलगी मुंबईत त्याच नावाच्या वर्गात जाऊन बसली, तर समोर फळ्यावर खिडकीऐवजी जैविक ऑक्सिजन मागणीचे समीकरण असेल. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, पण ते एक नाहीत. पाच वर्षे आणि काही लाख रुपये गुंतवण्यापूर्वी आपल्याला यातले कोणते हवे आहे हे ठरवावे लागते.

वर्सोव्याला कोणते हवे?

खरे तर दोन्ही, आणि म्हणूनच हे ठिकाण उदाहरण म्हणून चांगले आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला मालाडची खाडी आणि तिवरे, मध्ये जमिनीची अरुंद पट्टी. तिच्या टोकाला कोळीवाडा, त्याच्या दक्षिणेला यारी रोड आणि सात बंगला, पूर्वेला लोखंडवाला संकुल. लोखंडवालाचा बराच भाग एके काळी दलदलीचा होता, हे तिथल्या जुन्या रहिवाशांना सांगावे लागत नाही.

मुंबईच्या मलनिस्सारणाच्या नकाशावर वर्सोवा हे स्वतंत्र क्षेत्र आहे. इथल्या केंद्रात मोठ्या तलावांत मैलापाण्यात हवा मिसळून ते शुद्ध करण्याची जुनी पद्धत वापरली गेली आणि प्रक्रिया झालेले पाणी मालाडच्या खाडीत जात राहिले. नव्या प्रकल्पात वर्सोव्याच्या केंद्राची क्षमता दिवसाला १८ कोटी लिटर ठरली आहे. वरळी, वांद्रे, मालाड, धारावी, घाटकोपर, भांडुप आणि वर्सोवा या सात केंद्रांची मिळून ती २४६ कोटी ४० लाख लिटर होते. १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या सातही केंद्रांचे भूमिपूजन झाले. एवढ्या मोठ्या शहरासाठी हा आकडा आवश्यकच आहे. पण तो नळाच्या शेवटच्या टोकाचा आकडा आहे. पाणी इमारतीतून बाहेर पडण्यापूर्वी काय करता आले असते, हा प्रश्न त्यात येत नाही.

किनाऱ्याचेही तसेच. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ म्हणून गौरवले आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. ती बातमी देशभर गेली. तरी दर पावसाळ्यात नाले आणि खाडीतून वाहून आलेले प्लास्टिक पुन्हा वाळूवर येऊन पडतेच, कारण ते निघते दूरवरच्या वस्त्यांतून आणि इमारतींतून.

आता इथे वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू आणि वर्सोव्याहून उत्तरेकडे जाणारा किनारी रस्ता असे दोन मोठे प्रकल्प आहेत. त्याच वेळी जुन्या सोसायट्या आणि म्हाडाच्या वसाहती पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. पुलांवर चर्चा भरपूर होते. पुनर्विकासातील इमारती पुढची पन्नास-साठ वर्षे उभ्या राहणार आहेत, त्यांच्या खिडक्या आणि नळांवर मात्र सोसायटीच्या सभेत क्वचितच कोणी बोलते. तिथे सगळा वेळ चटईक्षेत्र, वाढीव फूट आणि कॉर्पसच्या रकमेत जातो.

खिडकीचे गणित काय सांगते?

मुंबईचे हवामान ‘उष्ण-दमट’ गटात मोडते. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून नागपूरला चालणारा वाळ्याचा कूलर अंधेरीत निरुपयोगी ठरतो. एसी सोडला तर शरीराला दिलासा देणारी एकच गोष्ट उरते, अंगावरून वाहणारी हवा. म्हणूनच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी जी ‘इको निवास संहिता’ आणली, तिच्यात उघडता येणाऱ्या खिडकीचे प्रमाण हवामानानुसार वेगळे आहे. उष्ण-कोरड्या भागात ते जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के, तर उष्ण-दमट भागात १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश. (अशी संहिता राज्यांनी आणि पालिकांनी आपल्या बांधकाम नियमांत आणल्यावरच तिला जमिनीवर अर्थ येतो, हा भाग वेगळा.)

घरी बसून हे मोजता येते. दहा बाय बाराची खोली धरा. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, त्याचा सहावा भाग २० चौरस फूट. खिडकी पाच बाय चारची असेल तर बरोबर २० भरतात आणि मन निश्चिंत होते. पण आजच्या बहुतेक खिडक्या सरकत्या काचेच्या असतात. एक काच दुसरीच्या मागे जाते, त्यामुळे उघडतो तो अर्धा भागच. प्रत्यक्षात हवा येण्याची जागा १० चौरस फूट. बाहेर उघडणाऱ्या जुन्या लाकडी झडपांची तीच खिडकी पूर्ण २० देत होती. नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात.

त्यातही खिडकी एकाच भिंतीला असेल तर वारा आत येऊन जाणार कुठे? समोरच्या किंवा शेजारच्या भिंतीत वाट हवी. वर्सोव्यात दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. अडचण अशी की दुपारचे तापलेले ऊनही पश्चिमेचेच आणि पावसाचा सपकाराही त्याच बाजूचा. हवा तर हवी, ऊन-पाऊस तर नको. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरच्या ‘कांचनजंगा’ इमारतीत (१९८३) याच पेचाचे उत्तर शोधले. जुन्या बंगल्यांच्या भोवती पडवी असायची; तीच कल्पना त्यांनी उंच इमारतीत नेली आणि कोपऱ्यांवर दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. वारा आत येतो, ऊन आणि पाऊस गच्चीवरच थांबतात. ती श्रीमंतांची इमारत आहे हे खरे. पडवीची कल्पना मात्र कोकणातल्या साध्या घराचीच. आपल्याकडे तीच पडवी आधी बाल्कनी झाली, मग चटईक्षेत्राच्या हिशेबात काचा लावून खोलीत ओढली गेली.

याची किंमत विजेच्या बिलात दिसते. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’नुसार देशाची शीतकरणाची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होईल. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या वातावरण कृती आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे, आणि त्याच आराखड्यानुसार शहराच्या उत्सर्जनातील सर्वात मोठा वाटा, सत्तर टक्क्यांहून अधिक, ऊर्जेचा आहे. म्हणजे ज्या शहराला २०५० चे उद्दिष्ट गाठायचे आहे, तिथे खिडकीचा प्रकार हा केवळ सजावटीचा विषय राहत नाही.

आणि नळाचे गणित?

इथे दुसरा अर्थ, म्हणजे आपल्याकडची पर्यावरण अभियांत्रिकी, कामाला येते. दोनशे घरांचा टॉवर घ्या. घरी पाच माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे नियोजनात नेहमी वापरले जाणारे प्रमाण. एकूण १ लाख ३५ हजार लिटर. यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे धरतात. ते झाले १ लाख ८ हजार लिटर. आता राष्ट्रीय इमारत संहितेनुसार त्या १३५ लिटरपैकी ४५ लिटर फक्त शौचालयात ओतण्यासाठी असतात. टॉवरचे दिवसाचे ४५ हजार लिटर. भातसा, वैतरणा, तानसा अशा शंभर किलोमीटरच्या आसपासच्या तलावांतून नळांनी आणलेले, शुद्ध केलेले, पंपाने विसाव्या मजल्यावर चढवलेले पिण्याचे पाणी रोज शौचालयात जाते.

इमारतीतच सांडपाणी शुद्ध करून तेच शौचालयाला दिले तर तेवढी बचत होते, आणि २० हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घेताना अशी यंत्रणा दाखवावीच लागते. दाखवली जाते. पण शुद्ध पाणी वापरायचे तर प्रत्येक घरात पाण्याच्या दोन स्वतंत्र नळवाहिन्या हव्यात, गच्चीवर दोन टाक्या हव्यात, तळघरात यंत्रणेला पुरेशी उंची आणि हवा हवी, माणसाला आत उतरून दुरुस्ती करता यावी अशी जागा हवी. या सगळ्या गोष्टी वास्तुविशारदाने पहिल्या रेघेला ठरवायच्या असतात. प्रत्यक्षात सांडपाण्याचा सल्लागार नकाशा जवळपास पक्का झाल्यावर येतो आणि त्याला पार्किंगच्या उताराखाली उरलेला कोपरा मिळतो. मग वास येतो, पंप बंद पडतो, देखभाल खर्चावरून सभेत भांडण होते आणि वर्ष-दीड वर्षात कोणीतरी यंत्रणा बंद ठेवण्याचा ठराव मांडतो. मैलापाणी पुन्हा गटारात, तिथून केंद्रात. दोष यंत्राचा म्हटला जातो; तो बहुतेक वेळा क्रमाचा असतो. ज्याला नळ कळतो तो उशिरा येतो आणि जो लवकर येतो त्याला नळ कळत नाही, म्हणून तर दोन्ही शिकलेल्या माणसाची गरज भासते.

मुंबईत हे कधी एकत्र होते का?

होते, आणि ते भीतीपोटी एकत्र आले होते. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला. कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्या वेळच्या वैद्यकीय समजुतींत चुका होत्या आणि ट्रस्टने घरे पाडून अनेक गरिबांना बेघरही केले, हे विसरता येत नाही. तरी ट्रस्टच्या काळातून एक साधा नियम आला, साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन. समोरच्या इमारतीचा माथा खालच्या खोलीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेच्या वर जाता कामा नये. भूमितीत याचा अर्थ सोपा आहे: उंचीच्या निम्मे अंतर मोकळे सोडा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांचा उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले होते. त्या नियमात वास्तुकला कुठे संपते आणि आरोग्य अभियांत्रिकी कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही.

शतकानंतर पूर्व उपनगरांत याची उलट बाजू दिसली. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केला. २०१८ च्या सुमारास तो चर्चेत आला. काही ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर होते, खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोहोचत नव्हता आणि दाटीने बांधलेल्या पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या पीएमजीपीपेक्षा बरेच जास्त आढळले. असा अभ्यास संबंध दाखवतो, एकट्या भिंतीला दोषी ठरवत नाही. पण सात मजली इमारत, मजल्याला तीन मीटर, उंची २१ मीटर असा हिशेब केला, तर ट्रस्टच्या जुन्या नियमाने साडेदहा मीटर अंतर लागले असते. तिथे तीन मीटर होते. त्या नकाशांवर सही करणारे पदवीधरच होते.

मग पदवी एक का नाही?

मुख्य कारण शैक्षणिक नसून कायदेशीर आहे. वास्तुकलेचे शिक्षण १९७२ च्या ‘आर्किटेक्ट्स अॅक्ट’खाली स्थापन झालेल्या ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’च्या हातात आहे, तर अभियांत्रिकीचे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या. बराच काळ दोन्ही परिषदा वास्तुकला महाविद्यालयांवर अधिकार सांगत होत्या आणि महाविद्यालये दोघींच्या निकषांत भरडली जात होती. हा वाद कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की वास्तुकलेच्या पदवी-पदविकेबाबत कौन्सिलचेच निकष चालतील. महाविद्यालयांना दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. पण त्याच निकालाने दोन्ही विषयांमधली भिंतही पक्की केली. दोन्ही विषयांना सारखे वजन देणारी जोड-पदवी काढायची तर तिला आज दोन परिषदांचे दरवाजे ठोठावावे लागतील, आणि कोणते विद्यापीठ ते सहज करेल?

दोन पदव्या एकाच वेळी करण्याची वाट एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उघडली, असे अनेक पालकांना वाटते. ती सवलत वर्गांच्या वेळा एकमेकांवर न येण्याच्या अटीवर आहे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या-त्या परिषदेचे नियम लागू राहतात. बी.आर्क.चा स्टुडिओ सकाळी सुरू होऊन रात्री मॉडेल चिकटवताना संपतो. त्याच्या जोडीला पूर्णवेळ बी.टेक. हे कागदावरच शक्य आहे.

बी.आर्क.च्या पाच वर्षांत हवामानशास्त्र आणि ‘बिल्डिंग सर्व्हिसेस’ म्हणजे पाणीपुरवठा, मलनिस्सारण, वीज, वातानुकूलन, ध्वनी हे विषय असतातच. अडचण त्यांच्या स्थानाची आहे. ‘सर्व्हिसेस’ हा लेखी पेपर म्हणून सुटतो, डिझाइनच्या ज्युरीत त्यावर प्रश्न विचारला जाईलच असे नाही. विद्यार्थी काय गंभीरपणे घेतो हे शेवटी ज्युरी ठरवते.

महाराष्ट्रात आज कोणते मार्ग आहेत?

वर्सोव्यापासून सर्वात जवळची गंमत जुहूला आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या कमला रहेजा विद्यानिधी संस्थेच्या पूर्ण नावातच ‘आर्किटेक्चर अँड एन्व्हायर्नमेंटल स्टडीज’ आहे. तिथली पदवी मात्र बी.आर्क.च, कारण कायदा तेवढेच नाव देऊ देतो. जुहूच्याच परिसरात वास्तुविशारद पी. के. दास आणि नागरिकांनी इर्ला नाल्याच्या काठी चालण्याची वाट, झाडे आणि मोकळी जागा करण्याचे काम हाती घेतले. उपनगरात नाल्याला पाठ न दाखवणारे डिझाइन कसे असते हे पाहायचे असेल, तर तिथे एक फेरी मारावी.

रूढ मार्ग दोन टप्प्यांचा आहे. आधी बी.आर्क., मग पदव्युत्तर पर्यावरणीय वास्तुकला. प्रभादेवीच्या रचना संसदेची यासाठी स्वतंत्र संस्था आहे, पुण्यात महिलांसाठीच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात याच विषयात एम.आर्क. आहे. महाराष्ट्राबाहेर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जा-कामगिरीवर पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तिथे गणित आणि संगणकीय प्रतिकृती यांवर भर असतो. ब्रिटिश जोड-पदवीच्या अर्थाने ‘एन्व्हायर्नमेंटल’ हवे असेल, तर हा त्याच्या सर्वात जवळचा पर्याय.

पाणी आणि मैला हाच ओढा असेल तर उलट क्रम बरा: आधी स्थापत्य किंवा पर्यावरण अभियांत्रिकी, मग माटुंग्याचे व्हीजेटीआय, पवईची आयआयटी किंवा नागपूरचे व्हीएनआयटी येथे एम.टेक. व्हीएनआयटीत वास्तुकला आणि पर्यावरण अभियांत्रिकी दोन्ही एकाच आवारात आहेत. दोन्ही विषय एका आवारात शिकवले जात असताना त्यांचे प्रकल्प एकत्र होणे हे शिक्षकांच्या उत्साहावर सोडले जाते, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड.

इथे एक सावधगिरी महत्त्वाची. बी.आर्क.नंतर थेट पर्यावरण अभियांत्रिकीचे एम.टेक. करू, असा बेत अनेक जण आखतात. कित्येक संस्थांच्या पात्रता यादीत बी.आर्क. नसते, स्थापत्य, रसायन, पर्यावरण अशा बी.टेक. शाखा असतात. ही यादी पहिल्या वर्षीच पाहावी, पाचव्या वर्षी नव्हे. प्रवेशातही फसगत होते. बी.आर्क.साठी एमएचटी-सीईटीचे गुण चालत नाहीत; ‘नाटा’ किंवा ‘जेईई मेन’चा आर्किटेक्चरचा पेपर लागतो, आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवेच.

परदेशातील पदवी किती कामाची?

ब्रिटनची जोड-पदवी आकर्षक आहे, कारण तिला वास्तुविशारदांच्या आणि इमारत-सेवा अभियंत्यांच्या अशा दोन्ही संस्थांची मान्यता मिळू शकते. पण ती वास्तुविशारद होण्याचा पहिला टप्पाच पार करून देते. तिथे पूर्ण नोंदणीसाठी पुढचे शिक्षण आणि अनुभव लागतो. भारतात परतून नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावायचे तर त्या पदवीला कौन्सिलची मान्यता आहे का, हे आधी तपासावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले की कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण देतो, इमारतीचे आराखडे करण्याच्या कामावर सरसकट बंदी घालत नाही. तरी नोंदणी नसलेल्याला पालिकेपुढे आणि ग्राहकापुढे उभे राहणे जड जाते. शिवाय तिथला अभ्यास थंड हवेचा. घर उबदार ठेवण्याची सूत्रे उलटी करून वर्सोव्याला लावता येत नाहीत, कारण इथला शत्रू उष्णतेइतकाच दमटपणा आहे.

विशेष म्हणजे ही उलटसुलट देवाणघेवाण जुनी आहे. जर्मनीतून निघून म्हैसूर संस्थानात आलेल्या ऑटो कोनिग्सबर्गर यांनी स्वातंत्र्यानंतर भारत सरकारच्या गृहनिर्माण खात्यात काम केले. पुढे लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये १९५४ मध्ये सुरू झालेल्या उष्ण कटिबंधीय वास्तुकलेच्या विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. लंडनमध्ये शिकवला जाणारा तो विषय भारतातल्या उन्हाळ्यांवर पोसला होता.

पुनर्विकासाच्या सभेत काय विचारायचे?

जोड-पदवी येण्याची वाट पाहत इमारती थांबणार नाहीत. वर्सोव्यातील सोसायटीला मात्र आजही तीन प्रश्न विचारता येतात. प्रत्येक खोलीची प्रत्यक्ष उघडणारी खिडकी किती चौरस फूट आहे. सांडपाण्याचा सल्लागार कोणत्या तारखेला नेमला, नकाशाच्या आधी की नंतर. आणि शौचालयाला वेगळी नळवाहिनी आराखड्यात आहे का. पहिल्याचे उत्तर मोजपट्टीने मिळते, दुसऱ्याचे नेमणूक-पत्राच्या तारखेवरून. तिसरा प्रश्न मंजुरीआधी विचारला तर खर्च किती वाढेल ते सांगतात. मंजुरीनंतर विचारला तर ‘आता भिंती फोडाव्या लागतील’ एवढेच उत्तर येते.